‘एवढे तर सर्वांनाच येते’

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून ४१ जणांच्या एका विभागाची प्रमुख आहे. वर्षभरापूर्वी आमचे सगळे काम कागदी नोंदवह्यांवरून संगणकावरील नव्या प्रणालीत आले. आलेल्या तक्रारींतून महिनाभरापेक्षा अधिक काळ प्रलंबित असलेल्या वेगळ्या काढायच्या, त्यांची यादी करायची आणि ती संबंधितांना ईमेलने पाठवायची, इतकेच काम आहे. तरीही निम्म्याहून अधिक जण रोज माझ्याकडे नाही तर एकमेकांकडे विचारायला जातात. गेल्या महिन्यात ५७ वर्षांच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी भर बैठकीत ‘हे तर शाळेतल्या मुलालाही जमेल’ असे बोलून गेले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलतात आणि प्रत्येक गोष्ट छापून घेऊन कागदावर करतात. दुसरीकडे, ज्याच्या हातातून मोबाइल सुटत नाही अशा २३ वर्षांच्या नव्या सहकाऱ्याने तीनदा जुनीच यादी पाठवली. आमचे वरिष्ठ म्हणतात की जुनी माणसे निवृत्त झाली की पाच वर्षांत हा प्रश्न आपोआप सुटेल. माझी अपेक्षा अवाजवी आहे का? कोणाला किती येते हे कोणाला न दुखावता कसे ओळखावे? आणि त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी आता काय बोलू?
— एक विभागप्रमुख

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ‘इतकेच’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले, कारण तुमच्या विभागातील सगळी अडचण त्या एका शब्दात आहे असे मला वाटते. ‘इतकेच काम’ म्हणून तुम्ही जे सांगता ते एक काम नाही. त्यात आधी दोन निकष एकाच वेळी लावायचे आहेत, एक तारखेचा आणि दुसरा तक्रारीच्या स्थितीचा. मग पडद्यावर दिसणारी यादी आणि फाइल म्हणून साठवलेली यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठाऊक असायला हवे. ती फाइल कोठे साठली हे शोधायचे, तिला ओळखू येईल असे नाव द्यायचे, ती ईमेलला जोडायची, पत्ता तपासायचा आणि मधल्या एखाद्या पायरीवर काही वेगळेच घडले तर घाबरून न जाता मागे यायचे. तुम्ही हे सगळे एका दमात करता, म्हणून तुम्हांला ते एक वाटते. पाककृतीत ‘चवीप्रमाणे मीठ’ एवढेच लिहिणाऱ्याला नवशिक्याचा गोंधळ दिसत नाही, तसेच काहीसे हे आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. अपेक्षा अवाजवी आहे का, याचे उत्तर माझ्या मताने देण्यापेक्षा मोजमापाने द्यावे हे बरे, आणि असे मोजमाप सुदैवाने झालेले आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजेच ओईसीडीने, २०११ ते २०१५ या काळात ३३ देशांतील १६ ते ६५ वयोगटातील दोन लाखांहून अधिक प्रौढांची कौशल्ये तपासली. त्यात वाचन आणि अंकज्ञान यांच्या जोडीला संगणकावर प्रश्न सोडवण्याची चाचणीही होती. ‘तुम्हांला संगणक येतो का’ असे विचारण्याऐवजी माणसांना प्रत्यक्ष कामे करायला दिली, हे या पाहणीचे मोल. सर्वांत सोप्या, पहिल्या पातळीवरचे एक नमुनाकाम असे होते : समारंभाच्या निमंत्रणाला आलेली ईमेल उत्तरे वाचून, येणारे आणि न येणारे अशा आधीच तयार असलेल्या फोल्डरांत ती लावणे. दुसऱ्या पातळीवर, कोणीतरी मागितलेली माहिती एका तक्त्यातून निकष लावून शोधायची आणि ती त्या व्यक्तीला ईमेलने कळवायची होती. तिसऱ्या पातळीवर, बैठकीच्या खोलीसाठी आलेल्या मागण्या आरक्षणाच्या प्रणालीत बसवायच्या आणि जी बसत नाही ती नम्रपणे नाकारणारा ईमेल पाठवायचा.

तुमचे ‘इतकेच’ काम यांपैकी कोणत्या पातळीचे आहे, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. ते दुसऱ्या पातळीचे आहे. संघटनेच्या सदस्य देशांच्या सरासरीत या पातळीवर सुमारे २६ टक्के प्रौढ होते आणि तिसऱ्या पातळीवर अवघे ५ टक्के. पहिल्या पातळीवर सुमारे २९ टक्के होते आणि आणखी १४ टक्के तिच्याही खाली, म्हणजे समोर उघडलेला एक ईमेल काढून टाकण्यासारखे एका पायरीचे काम करू शकणारे. उरलेल्या सुमारे २६ टक्क्यांपर्यंत संगणकावरची चाचणी पोहोचलीच नाही. काहींनी संगणक कधी हाताळलेला नव्हता, काहींना माउस आणि स्क्रोल जमले नाही आणि काहींनी संगणकावर चाचणी द्यायला नकार देऊन कागद मागितला. तुमच्या विभागाचे काम मदतीशिवाय पार पाडू शकणारे प्रौढ, ढोबळमानाने, दहांत तीन.

ही पाहणी आता जुनी झाली, हा आक्षेप रास्त आहे आणि फोन तेव्हापासून कितीतरी पसरले आहेत हेही खरे. परंतु पाहणीतील देश बहुतांशी संपन्न होते आणि ६५ च्या पुढचे लोक तिच्यात नव्हतेच, तेव्हा चित्र मुळात वास्तवापेक्षा उजळच होते. अलीकडचा एक आकडाही पाहा. युरोपीय संघाने २०३० पर्यंत १६ ते ७४ वयोगटातील ८० टक्के लोकांकडे किमान मूलभूत डिजिटल कौशल्ये असावीत असे उद्दिष्ट ठरवले आहे. २०२३ मध्ये हे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते. नेदरलँड्स आणि फिनलंड यांनी ८० टक्के ओलांडले होते, तर रोमेनिया तिशीच्या आतच होता. हे मोजमापही सौम्य आहे, कारण त्यात गेल्या तीन महिन्यांत तुम्ही इंटरनेटवर काय काय केले एवढेच विचारले जाते. केलेले काम बरोबर झाले की नाही, हे कोणी पाहत नाही.

तुमच्या कार्यालयातील माणसे सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा वरचढ असणार, हे मी धरून चालते. तरीही ४१ पैकी निम्म्याहून अधिक जणांना विचारावे लागते यात नवल करण्यासारखे काही नाही. नवल तुमचे आहे. तुम्ही त्या वरच्या ५ टक्क्यांत बसत असाल अशी माझी दाट शंका आहे आणि त्या उंचीवरून खालच्या पायऱ्या सपाट दिसतात. हा दोष तुमच्या एकटीचा नाही. प्रणाली बनवणारे, ती विकत घेणारे आणि ती चालवण्याचे आदेश काढणारे बहुतेक वेळा याच उंचीवर बसलेले असतात आणि आपल्यासारख्याच माणसांशी दिवसभर बोलत असल्यामुळे त्यांना सगळा देश आपल्यासारखाच वाटू लागतो.

वरिष्ठांच्या मताविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ते मत फार लोकप्रिय आहे आणि मला ते घातक वाटते. वयाचा परिणाम असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ओईसीडीच्या पाहणीतही पंचविशी-तिशीतले लोक पंचावन्नच्या पुढच्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते. पण तरुण पुढे आहेत याचा अर्थ तरुणांना येते असा होत नाही. मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये ‘डिजिटल नेटिव्ह’, म्हणजे डिजिटल जगाचे जन्मजात रहिवासी, हा शब्दप्रयोग रूढ केला आणि मुले हे सगळे आईच्या पोटातून शिकून येतात अशी समजूत तेव्हापासून घट्ट झाली. प्रत्यक्षात शाळकरी मुलांच्या संगणकीय साक्षरतेची जी आंतरराष्ट्रीय चाचणी २०१८ मध्ये झाली, तिच्यात आठवीच्या विद्यार्थ्यांपैकी सरासरी १८ टक्के सर्वांत खालच्या पातळीपर्यंतही पोहोचले नाहीत आणि सर्वांत वरच्या पातळीवर जेमतेम २ टक्के होते. तेव्हा ‘शाळेतल्या मुलालाही जमेल’ हे तुमचे वाक्य कठोर होतेच, शिवाय ते खरेही नव्हते.

तुमचा २३ वर्षांचा सहकारी याच गोष्टीचा दाखला आहे. फोनवर वाढलेल्या पिढीला फाइल ही वस्तूच फारशी भेटलेली नसते. छायाचित्र छायाचित्रांच्या अ‍ॅपमध्ये असते, संदेश संदेशांच्या अ‍ॅपमध्ये, आणि जे सापडत नाही ते वरच्या पट्टीत टाइप केले की समोर येते. एखादी गोष्ट एका ठरावीक जागी ‘असते’, तिची दुसरी प्रत दुसरीकडे असू शकते आणि पडद्यावर यादी बदलली म्हणून काल साठवलेली फाइल बदलत नाही, हे त्याला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. त्याने तीनदा जुनी यादी पाठवली याला तुम्ही निष्काळजीपणा म्हणाल. मला मात्र त्यात एकच चूक तीनदा दिसते आणि एकच चूक पुन्हा पुन्हा होते तेव्हा बहुधा डोक्यातले चित्रच वेगळे असते. पडद्यावर बरोबर यादी दिसत होती, म्हणून तीच गेली असे तो समजला.

शिवाय निवृत्तीने प्रश्न सुटत नाही, याचे आणखी एक कारण आहे. कौशल्य वयाबरोबर जेवढे बांधलेले असते, तेवढेच ते शिक्षणाशी आणि रोजच्या कामाशी बांधलेले असते. ज्याला कामावर तक्ते, फाइली आणि ईमेल यांना रोज हात लावावा लागतो त्याचे कौशल्य टिकते आणि ज्याला लागत नाही त्याचे गंजते, मग तो तिशीचा का असेना. आणि प्रणाली तर दर काही वर्षांनी बदलणारच. आज चटपटीत असलेली तुम्ही वीस वर्षांनी कोणत्या तरी नव्या पडद्यासमोर खोळंबून बसलेल्या असाल, ही शक्यता मी गमतीने लिहीत नाही.

आता दुसरा प्रश्न, कोणाला किती येते हे कसे ओळखायचे. एक मार्ग मात्र टाळा : ‘तुम्हांला हे येते का’ असा तक्ता वाटून खुणा करायला लावू नका. एस्तर हरगिताई या समाजशास्त्रज्ञ संशोधिकेने या विषयात पायाभूत काम केले आहे. इंटरनेट हाताशी असणे आणि ते वापरता येणे यांत एक दुसरी दरी असते, हे तिने २००२ मध्ये न्यू जर्सीतील सामान्य वापरकर्त्यांना संगणकासमोर बसवून, त्यांना शोधण्याची कामे देऊन आणि शेजारी बसून पाहून दाखवून दिले. एकाला काही सेकंद लागले तेथे दुसऱ्याला कित्येक मिनिटे लागली. पुढे २००६ मध्ये तिने आणि तिच्या सहकाऱ्याने स्त्री-पुरुषांची तुलना केली, तेव्हा प्रत्यक्ष कामात दोघांत फारसा फरक आढळला नाही, पण स्वतःला गुण देताना स्त्रियांनी हात आखडता घेतला. म्हणजे तुमच्या तक्त्यावर जी ‘नाही’ अशी खूण करील तिला कदाचित येत असेल आणि जो ‘उत्तम’ अशी खूण करील त्याला कदाचित येत नसेल. अशा तक्त्यावरून प्रशिक्षणाच्या याद्या झाल्या, की ज्यांना गरज आहे ते बाहेर राहतात आणि ज्यांना गरज नाही त्यांचा दिवस वाया जातो.

त्याऐवजी पाहा. पाच-सहा जणांशेजारी, प्रत्येकाजवळ वीस मिनिटे, बसा आणि आधीच सांगा की तपासणी प्रणालीची चालली आहे, त्यांची नाही. ही थाप ठरू नये, म्हणून तुम्ही खरोखरच प्रणालीच्या चुका टिपायच्या आहेत. रोजचे खरे काम त्यांना करू द्या आणि तुम्ही गप्प राहा. हे गप्प राहणे तुम्हांला सगळ्यांत कठीण जाईल. मला गेले होते. एकदा एका नातेवाइकांना ऑनलाइन अर्ज भरताना मी ‘फक्त पाहत’ बसले होते आणि तिसऱ्या मिनिटाला माउस माझ्या हातात होता. अर्ज भरला गेला, ते काही शिकले नाहीत आणि पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा माझ्याकडेच आला. कोण कोठे अडते, अडल्यावर काय करते, चूक झाली हे त्याला कळते की नाही, यांकडे लक्ष द्या. ज्याला चूक झाल्याचे कळते तो शिकण्याच्या अगदी जवळ आलेला असतो. ज्याला ती कळतच नाही, त्याच्यासाठी आधी चूक दिसेल अशी सोय करावी लागते.

यातून तुम्हांला बहुधा असे आढळेल की अडणाऱ्या जागा तीन-चारच आहेत आणि सगळे त्याच जागी अडतात. असे आढळले तर प्रशिक्षणाचा विचार थोडा बाजूला ठेवा. ४१ माणसे बदलण्यापेक्षा एक प्रणाली बदलणे सोपे असते, पण हे आपल्याला सुचते ते सर्वांत शेवटी. ‘महिनाभरापेक्षा अधिक प्रलंबित’ ही यादी रोज तयारच उघडावी, निकष कोणी लावायची गरजच नसावी. साठवलेल्या फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख आपोआप यावी. यादी प्रणालीतूनच थेट पाठवता यावी, म्हणजे साठवणे, शोधणे आणि जोडणे या तीन पायऱ्या एका फटक्यात गळतील. या तीन बदलांनी तुमचे काम दुसऱ्या पातळीवरून पहिल्या पातळीवर येईल आणि ते मदतीशिवाय करू शकणाऱ्यांची संख्या एकदम वाढेल. प्रणाली बनवणाऱ्यांकडे ही मागणी घेऊन जाताना तुमची टिपणे सोबत ठेवा; ‘लोकांना जमत नाही’ या तक्रारीला ते प्रशिक्षणाची आणखी एक चित्रफीत पाठवून मोकळे होतील, पण ‘सहापैकी पाच जण याच बटणापाशी थांबले’ याला त्यांना उत्तर द्यावे लागेल.

जे शिकवावे लागेल ते मात्र कामाच्या ओघात शिकवा. सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवलेले दुसऱ्या दिवशी उरत नाही. शिकणाऱ्याचा हात माउसवर आणि शिकवणाऱ्याचे हात मांडीवर, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ झाले. सरावासाठी प्रणालीची एक खोटी प्रत मिळवा, जिच्यात काहीही पुसले गेले तरी बिघडत नाही. प्रौढ माणसे न शिकण्याचे मोठे कारण अनेकदा भीती हे असते, आपल्या एका बोटाने सगळ्यांचे काम उडेल ही. आणि एकमेकांना विचारणे बंद पाडू नका. रोज विचारतात याचा तुम्हांला त्रास होतो, हे मला समजते, पण विचारणे हीच तुमच्या विभागाची चालती शिक्षणव्यवस्था आहे. तिला फक्त ठरलेली वेळ द्या आणि तुमच्याखेरीज आणखी दोन माणसे द्या.

कागदाची वाटही लगेच बुजवू नका. डेन्मार्क हा डिजिटल शासनव्यवहारात जगात अग्रेसर मानला जाणारा देश; तेथे नोव्हेंबर २०१४ पासून १५ वर्षांवरील नागरिकांना सरकारी पत्रव्यवहारासाठी डिजिटल टपालपेटी सक्तीची झाली. तरीही ज्यांना ते शक्य नाही त्यांना सूट मागून कागदी पत्रे घेण्याची सोय कायद्यातच ठेवली होती. ज्या विभागाचे रूपांतर वर्षापूर्वीच झाले, त्याने एवढी सवड द्यायला हरकत नसावी.

आता तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांविषयी. तुम्ही त्यांच्या कौशल्याविषयी बोललात असे तुम्हांला वाटत असेल, परंतु त्यांनी ऐकले ते वेगळेच. इतकी वर्षे ज्या कामाची त्यांना खडान्‌खडा माहिती आहे, ते काम आता आपले राहिले नाही, असे त्यांना ऐकू आले असणार. वाचन-हिशेब उत्तम आणि संगणकाशी मात्र फारकत, हे मुळीच विरळ नाही. ओईसीडीच्या त्याच पाहणीत वाचन आणि अंकज्ञान या दोन्हींत जपानचे प्रौढ सर्व सहभागी देशांत पहिले आले, आणि त्याच जपानमध्ये एक-तृतीयांशाहून अधिक जणांनी चाचणी संगणकाऐवजी कागदावर दिली. तुमचे सहकारी छापून घेऊन काम करतात याचा अर्थ ते हट्टी आहेत असा लावू नका. ज्या पद्धतीत आपल्या हातून चूक होणार नाही अशी त्यांची खात्री आहे, त्या पद्धतीत ते काम वेळेवर देत आहेत.

माफी मागा, आणि दोनदा मागा. आधी एकांतात, आणि मग त्याच बैठकीत, कारण अपमान तेथे झाला होता. लांबण लावू नका. ‘त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचे होते आणि मी ते तुम्हांला बोलायला नको होते’ एवढे पुरे. ‘पण’ हा शब्द वाक्यात येऊ देऊ नका आणि त्याच दमात प्रशिक्षणाचा विषयही काढू नका, नाही तर माफी ही प्रस्तावना होती असे त्यांना वाटेल. काही दिवस जाऊ द्या. मग त्यांच्याकडे खरी मदत मागायला जा : कोणती तक्रार प्रलंबित धरायची आणि कोणती नाही, कोणत्या नोंदी प्रणालीत चुकीच्या रकान्यात पडतात, जुन्या नोंदवहीत असलेली कोणती गोष्ट नव्या पडद्यावर हरवली. हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही, आणि प्रणाली सुधारायची तर तुम्हांला ते लागणारच आहे. ही चर्चा संगणकासमोर बसून झाली, तर काही गोष्टी ते आपण होऊन विचारतील. न विचारल्या तर तुम्हीही काढू नका.

वरिष्ठांना पाच वर्षांच्या प्रतीक्षेविषयी काय सांगायचे, हे मी वर लिहिलेच आहे. बैठकीत वाद घालण्यापेक्षा त्यांनाही एखाद्या दिवशी वीस मिनिटे कोणाशेजारी गप्प बसवता आले तर पाहा. आणि त्या २३ वर्षांच्या सहकाऱ्याला बोलणी देण्यापूर्वी, साठवलेली फाइल नेमकी कोठे जाते आणि तिच्यावरची तारीख व वेळ कोठे दिसते, हे एकदा दाखवा. त्याला दहा मिनिटे पुरतील.